सव्वीस लॉगिन आणि माझा निळा धबधबा

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी सव्वीस माणसांच्या सव्वीस फायली पुसल्या आणि त्या जागी माझी एक फाईल टाकली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. तब्येत बरी होती. डब्यातली भेंडी खाऊन मी अगदी प्रसन्न होतो आणि आपण कार्यालयाचं मोठं भलं करून राहिलो आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

त्या फायलींमध्ये एवढं काय होतं हे सांगायचं तर आधी काकांबद्दल सांगायला हवं.

काका आमच्या कार्यालयाचे सिस्टिमवाले. राज्य नवं झालं होतं, म्हणून नकाशेही नवे हवे होते, आणि रायपूरच्या समता कॉलोनीतल्या एका दुमजली घरात आम्ही ते करत होतो. नऊ युनिक्स वर्कस्टेशन, सव्वीस माणसं, दोन पाळ्या. कोणाची खुर्ची ठरलेली नाही. जी रिकामी असेल तिच्यावर बसायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा आणि गावांच्या सीमा, नाले, रस्ते गिरवत राहायचं. हिंदीवाले काकांना 'सर जी' म्हणत. मी मराठी, आणि वयानं त्यांच्या निम्मा, म्हणून काका. ते मला पोट्ट्या म्हणत, आणि तेही साहेबांसमोर.

त्यांचं घर पुरानी बस्तीत. भोसल्यांच्या काळात कोणीतरी पूर्वज नागपुराहून इकडे आला आणि परत जायचं राहून गेलं, एवढाच इतिहास ते सांगत. रोज सायकलनं येत. मशीन ठेवलेल्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढत. मला वाटलं भक्तिभाव असेल. विचारलं तर म्हणाले, "भक्ती कायची बे, धूळ येते."

नऊ मशीनना त्यांनी रायपूरच्या तळ्यांची नावं दिली होती. बूढ़ा तालाब, तेलीबांधा, कंकाली, महाराजबंध वगैरे. दहावी एक मशीन आल्यापासून बंदच होती, तिचं नाव रजबंधा. ते तळं केव्हाच बुजवलं, आता तिथं नुसतं मैदान म्हणायला उरलं आहे. नव्या माणसाला कोणी सांगितलं की कंकालीवर जाऊन बस, तर तो बिचारा छत्री घेऊन निघायच्या बेतात असे.

नवा माणूस रुजू झाला की काका त्याला समोर बसवून घेत आणि शिंप्यानं माप घ्यावं तसे प्रश्न विचारत. डावखुरा का? चष्मा केव्हापासून? यापूर्वी कुठं काम केलं, तिथला पडदा कोणत्या रंगाचा होता? काम करताना घड्याळ समोर दिसलं तर बरं वाटतं की जीव घाबरतो? उत्तरं ऐकून ते त्या माणसाची सुरुवातीची फाईल स्वतः लिहीत. म्हणजे असं, की प्रत्येकाची सर्व्हरवर एक खासगी जागा होती, आणि त्या जागेत ही एक छोटी फाईल. लॉगिन केलं की मशीन आधी ती वाचे आणि तिच्यात लिहिलंय तसा पडदा मांडून देई. खिडक्या कुठं, अक्षर केवढं, रंग कोणता, डावखुऱ्याचा माऊस उलटा. तुम्ही तेलीबांध्यावर बसा की कंकालीवर, तुमचं ते तुमच्यासोबत तिथं येई.

"खुर्ची आपली नाही, टेबल आपलं नाही," काका म्हणत. "निदान डोळ्यासमोरचं तरी आपलं पायजे का नाही? लॉगिन म्हणजे घरात शिरणं आहे. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर माणूस आठ तास सरळ बसून राहते, काम नाही करत."

गावांची नावं टाईप करणारे एक म्हातारे बाबू होते. त्यांना माऊसची भीती वाटे. काकांनी त्यांना काळा पडदा आणि हिरवी अक्षरं करून दिली. लॉगिन केलं की थेट टायपिंग, बंद केलं की थेट बाहेर, मध्ये दुसरं काहीच नाही. मी हसलो तेव्हा काका म्हणाले, "हसून काहून राहिला? एका खोलीत राहणाऱ्याचं घर नसते का?"

आणि गंमत अशी की लोकांच्या आवडीनिवडीसाठी एवढा जीव टाकणाऱ्या या माणसाला स्वतःची आवड म्हणून नव्हतीच. टपरीवर चहा की कॉफी विचारलं तर "जे उकळून राहिलं असेल ते." एकदा सदर बाजारात सदऱ्याचं कापड घ्यायला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. दुकानदारानं पहिला गठ्ठा उलगडला, दुसऱ्याकडे हात नेला, तोवर काका म्हणाले, "जो निकल गया वही काट दो भैया." तो कपडा पडद्याचा होता. दुकानदारानंच सांगितलं म्हणून वाचले. काकू म्हणत, लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला आले तेव्हा हे आख्खा वेळ आमच्या घरचा पंखा पाहत होते, कारण तो आवाज करत होता. त्याच माणसानं आमच्या एका ड्राफ्ट्समनला कर्सरचा कोणता लाल बरा दिसतो ते ठरवायला पाऊण तास घालवलेला मी पाहिला आहे. चौदा लाल दाखवले. शेवटी त्या माणसानं थकून निळा घेतला.

मी रुजू झालो तेव्हा माझंही माप घेतलं होतं. पण मला लवकरच अक्कल आली आणि मी ती फाईल स्वतः सजवली. पडद्यावर निळा धबधबा, कोपऱ्यात माऊसच्या मागे फिरणारे दोन डोळे, वर गोल घड्याळ, अक्षर नाजूक आणि बारीक. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवत असे. काकांनाही दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काम कुठं करतो?"

तरी त्यांचा माझ्यावर विश्वास होता. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड त्यांनी मला दिला होता, ते नसताना अडचण नको म्हणून. देताना म्हणाले होते की ह्या लोकांच्या घराच्या किल्ल्या आहेत, असल्या म्हणून उघडून पाहायचं नसतं. मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मे महिन्यात काकांच्या भाचीचं लग्न निघालं, दुर्गला. बुधवारी ते गेले. गुरुवारी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शनिवारी मुख्य कार्यालयातून एक मोठे अधिकारी येणार होते. कंत्राटावरच्या लोकांचं काम ते स्वतः पाहणार आणि कोणाला पुढं ठेवायचं ते ठरवणार. साहेब खोलीतून फेरी मारून आले होते आणि त्यांना नऊ पडद्यांवर नऊ तऱ्हा दिसल्या होत्या. एकावर मारुती, एकावर कोणी नटी, एक पूर्ण काळा. ही काय धर्मशाळा आहे का, असं ते म्हणाले. सगळं एकसारखं करून टाका. मग माझ्याकडे पाहून म्हणाले की तुमचा तो धबधबा बरा दिसतो.

बस. एवढं पुरलं मला. काका परत येईपर्यंत थांबू या, असं माझ्यातला एक जण म्हणत होता, पण त्याचा आवाज बारीक होता. लोक जेवायला गेले आणि मी माझ्या फाईलच्या सव्वीस नकला काढून सव्वीस घरांत टाकल्या. जुन्या वेगळ्या ठेवल्या नाहीत. दर शुक्रवारी सगळ्याची नक्कल टेपवर निघत असे, त्यामुळे काळजी नव्हती.

लोक हात धुऊन आले. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडदा एकदा लुकलुकला आणि पुन्हा नाव विचारू लागला. पुन्हा टाकलं, पुन्हा लुकलुक. दहा मिनिटांत सगळी खोली उभी. मी प्रत्येकाला सांगत फिरत होतो की उन्हानं मशीन तापल्या आहेत. मग मीच लॉगिन करून पाहिलं आणि मलाही बाहेर काढलं.

दुर्गला मंगल कार्यालयात फोन लावला. सनईच्या आवाजात काका लाईनवर आले. मी काय केलं ते अर्धंच सांगितलं. नक्कल करण्यापूर्वी फाईल जरा नीटनेटकी केली, म्हणालो.

"शेवटची ओळ वाच," काका म्हणाले.

वाचली. फाईलमधली एकेक ओळ एकेक काम सुरू करी, आणि काम मागं पाठवलं की मशीन त्याच्यासाठी न थांबता पुढं जाई.

"त्या ओळीतलं काम मागं पाठवलं का समोर ठेवलं?"

"मागं. सगळीच मागं पाठवली, एकसारखी दिसावी म्हणून."

"मंग घरात कोण राहिलं बे? सगळे बाहेर गेले, दार धरून बसायला कोणी नाही. मशीनले वाटते घर रिकामं झालं, ते कुलूप लावते. शेवटच्यानं घरी थांबायचं असते, एवढं तर आपल्या घरी बी समजते."

सर्व्हरच्या पडद्यावरून, खिडक्या वगैरे काही नसलेल्या साध्या लॉगिननं, मी आत शिरलो आणि शेवटची ओळ दुरुस्त केली. चार वाजता सगळे आत होते. जो बसेल त्याच्या डोळ्यांसमोर माझा धबधबा. डावखुरे माऊस आपटत होते. बाबू हात मांडीवर ठेवून नुसते त्या फिरणाऱ्या दोन डोळ्यांकडे पाहत होते आणि ते दोन डोळे बाबूंकडे.

ताई मात्र उठून घरी गेल्या.

ताई आमच्याकडे नकाशे गिरवत, कंत्राटावर. वर्ध्याकडच्या, नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर दोन मुलांना घेऊन इथंच राहिलेल्या. तीन वर्षांत त्यांनी अर्धी सुट्टी घेतलेली कोणाला आठवत नव्हती. त्या दिवशी डोकं दुखतं म्हणाल्या. ऊन फार आहे, असं मी समजूतदारपणे बोललो.

शुक्रवारी आल्या. नाक पडद्याला टेकेल इतक्या वाकून बसल्या. एरवी दुपारपर्यंत नकाशाची एक शीट पूर्ण करणाऱ्या बाईनं पाव शीट केली, आणि त्यात नाला रस्त्यावरून गेला होता. साहेब येऊन पाहून गेले. जाताना खिशातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते ताईंनी पाहिलं आणि मीही पाहिलं.

दुपारी काका लग्नाच्या लाडवांची पिशवी घेऊन स्टेशनवरून थेट आले. खोलीत आले, नऊ धबधब्यांकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताईचं काय केलं?"

"सगळ्यांचं केलं ते."

"टेप आण."

टेप आणली. मागचे दोन शुक्रवार ते काम माझ्याकडे होतं. मी टेप घातली होती, बटण दाबलं होतं आणि समोशाला गेलो होतो. टेपची खटकी बंद बाजूला सरकलेली असली तर तिच्यावर काही उतरत नाही, आणि मशीननं तसं दोन्ही वेळा सभ्यपणे लिहूनही दाखवलं होतं. वाचायला मी तिथं नव्हतो. त्याआधीच्या टेपा काकांनी जागा नाही म्हणून पुन्हा वापरायला काढल्या होत्या, त्याही मीच पुसून ठेवल्या होत्या. काकांनी टेप हातात फिरवली, खटकी पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली.

मग ते ताईंच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. हळू आवाजात विचारलं, "याले सांगू का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला पाहिलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या नेहमीच तसं पाहतात.

"सांगा," त्या म्हणाल्या. "त्यानंच तर डोळे काढले माझे."

ताईंना डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार होता. उजेडी, पांढुरक्या पडद्यावर त्यांना सगळा फक्त धूर दिसे. काळ्यावर जाड पिवळ्या रेषा मात्र स्वच्छ दिसत. रुजू होताना माप घेतलं तेव्हा काकांनी एक ओळ वाचायला दिली होती. ताईंनी ती अंदाजानं, चुकीची, पण ठामपणे वाचली, आणि काका काहीही न बोलता काळा-पिवळा पडदा करून आले. तीन वर्षं दोघांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. नकाशे गिरवणाऱ्या बाईचे डोळे अधू आहेत हे कळलं असतं तर कंत्राट पुढं कोण चालवणार? आणि आता उद्या तो अधिकारी येणार होता.

त्या दुपारी काका, ताई आणि मी, आम्ही तिघांनी मिळून तो पडदा पुन्हा उभा केला. काका एक जाडी टाकत, ताई म्हणत अजून. काका पिवळा बदलत, ताई म्हणत, हा नाही, हा आजारी दिसते. सीमा वेगळ्या पिवळ्यात, नाले तुटक, गावांची नावं बोटाएवढी. काकांना अर्धं पाठ होतं, उरलेलं ताईंच्या मानेवरून कळत होतं. मान मागे गेली की बरोबर आलं. संध्याकाळी ताई एकदम खुर्चीला टेकून बसल्या आणि काकांनी हात थांबवले.

राहिला साहेबांचा हुकूम. काकांनी लॉगिनच्या पडद्याखाली एक छोटी यादी लावली. पहिलं नाव 'कार्यालयाचा', दुसरं 'माझा'. ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं, मग पासवर्ड टाकावा. साहेबांना जाऊन सांगितलं की एकसारखं केलं आहे, फक्त दारं दोन आहेत. साहेबांनी पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचण्याआधी फोन आला.

शनिवारी अधिकारी आले. आठ पडद्यांवर 'कार्यालयाचा'. रात्रीतून धबधबा जाऊन साधा करडा झाला होता, तो काकांनी मला न विचारता केला होता. नवव्या मशीनवर, म्हणजे तेलीबांध्यावर, ताई. यादीतलं दुसरं नाव निवडून बसलेल्या. काळ्या पडद्यावर पिवळे नाले.

साहेबांचा चेहरा उतरला. अधिकारी थांबले, चष्मा पुसला आणि हा पडदा असा का आहे, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी तोंड उघडणार होतो. मशीन तापल्या आहेत, असं काहीसं माझ्या जिभेवर आलंही होतं. काकांनी माझ्या पायावर पाय ठेवला. पायात चप्पल नव्हती, तरी लागलं.

ताई खुर्ची फिरवून म्हणाल्या, "सर, सफ़ेद में मुझको कम दिखता है। इसमें पूरा दिखता है। नक्शा आप देख लीजिए।"

तीन वर्षं सांभाळलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ताईंच्या मागच्या महिन्याच्या शीट मागवल्या, खिशातून भिंग काढलं आणि उभ्या उभ्या पाहत राहिले. एक शीट, दुसरी, तिसरी. मग त्यांनी साहेबांना विचारलं की बाकीच्यांचं काम तपासतं कोण. साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, हीच बाई तपासते सर, पहिल्या वर्षापासून. अधिकाऱ्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि पुढच्या मशीनकडे गेले. सोमवारी यादी लागली, त्यात ताईंचं नाव होतं.

ती दोन नावांची यादी मग कायम राहिली. हळूहळू सगळ्यांनी आपापलं घर परत बांधून घेतलं. बाबूंची एक खोली झाली, मारुती आला, नटी आली. काकांनी सव्वीस जणांना पुन्हा समोर बसवून मापं घेतली. मला मात्र सहा महिने 'कार्यालयाचा' वापरायला लावला. दुसरं नाव माझ्यासाठी यादीत दिसतच नसे. ते कसं केलं होतं हे मला आजवर कळलेलं नाही, आणि विचारायची सोय आता उरली नाही. चार वर्षांपूर्वी काका गेले. काकूंनी सांगितलं की दवाखान्यात जेवायला काय देऊ असं नर्सनं विचारलं तर म्हणाले, शेजारच्याला जे देता तेच द्या. मग थोड्या वेळानं हाक मारून म्हणाले, पण त्याला आधी विचारा त्याला काय आवडते.

आता मशीन बदलल्या, तळ्यांची नावं गेली. नवीन पोरं नुसतं अंगठा टेकवतात, मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात आणि पडदा आला तसा वापरतात. मी त्यांचा प्रमुख आहे. एखाद्याला जवळ बसवून विचारतो, तुला अक्षर केवढं आवडतं? तो म्हणतो, "सर, कुछ भी चलेगा," आणि मला समजत नाही की हा काकांवर गेला आहे की माझ्यावर.

यंदा ताई निवृत्त झाल्या. मधल्या काळात कायम झाल्या होत्या, शेवटची काही वर्षं तपासणी विभाग त्याच बघत. दोन्ही मुलं आली होती. निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं, आणि मला माईक दिला की काय होतं ते माझ्या बायकोला माहीत आहे. मी तो मे महिना सांगितला. सनई, लाडू, टेप, सगळं. माझ्या चुका तर मी फार रंगवून सांगतो, लोक हसतात. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणालो की त्या शुक्रवारी दुपारी काकांनी आणि मी जे उभं केलं, त्याच्यामुळं आज ताई इथं आहेत याचं मला समाधान वाटतं. टाळ्या झाल्या. नवीन पोरांनीही वाजवल्या.

ताईंनी हात पुढं करून माईक मागितला. माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला पाहत म्हणाल्या, "तू कुठून आला रे त्याच्यात? तू तर कूलरमध्ये पाणी टाकून राहिला होता. अन् तेही अर्धं फरशीवर."